बावट्यांचं वर्ष

यंदा मोहोर उशिरा आला. पौष सरत आला तरी मिरजोळ्याच्या वाटेवरची आंब्याची कलमं नुसतीच काळपट पानं घेऊन उभी होती, आणि मग एका आठवड्यात सगळी तांबूस-पिवळी होऊन गेली. परवा सकाळी कामावर जाताना तो गोड, उग्र वास नाकात शिरला, ओढणीला काहीतरी चिकट लागलं. शेडचं दार उघडलं तर टेबलावर खोकं येऊन पडलेलं. आत पिवळ्या कापडाचा तागा. संघमित्राने वरची चिठ्ठी वाचली आणि हसत म्हणाली, "वैशालीताई, वाळवंट आलं."

वाळवंट म्हणजे आखातातली, वर्षाच्या सुरुवातीची गोल्फची स्पर्धा. आम्ही स्पर्धांना आमची नावं ठेवली आहेत. वाळवंट, हत्ती, फुलं, वारा. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत, चिऱ्याच्या भिंतींच्या एका शेडमध्ये चार बायका परदेशातल्या गोल्फच्या मैदानांवरचे झेंडे शिवतात, हे सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. आमचंही तेच झालं होतं. दर वर्षी मोहोराचा वास आला, की मला ते पहिलं वर्ष आठवतं.

त्याआधी आमच्याकडे शाळांचे बिल्ले, गणपती मंडळांच्या टोप्या आणि लॉजचे टॉवेल एवढंच काम असायचं. आमचे मालक प्रकाशदादा वीस वर्षं मुंबईत कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. तिथून गावी परत येताना भरतकामाचं एक जुनं मशीन घेऊन आले. संघमित्रा देवरूखजवळच्या बौद्धवाडीतली, कॉम्प्युटर शिकलेली. चित्रं मशीनला समजतील अशी तीच करून देते. दर्शना धागे कापते, इस्त्री करते आणि दिवसभर बोलते. तिचा नवरा मुंबईला असतो. सरळ मशीनवर टीप मारायला गुलाबकाकी. ती मूळची दाभोळची, खाडीच्या तोंडाशी वाढलेली, तेव्हा पंचावन्नच्या पुढची. आणि चेकिंगच्या टेबलावर मी. माल माझ्या हाताखालून गेल्याशिवाय खोक्यात जायचा नाही.

असाच मोहोराचा महिना होता. प्रकाशदादांच्या मुंबईच्या ओळखीतून परदेशातलं झेंड्यांचं एक काम आलं होतं. मशीन सुरू झालं, आणि पिवळ्या कापडावर काळ्या धाग्याने आकडे उमटायला लागले. एक. दोन. तीन. काकीने तिसरा झेंडा उचलला, लांब धरून पाहिला.

"ह्यो काय गो? तीन नंबरचा बावटा? वादळ येतंय की काय?"

बंदरावर वादळाची सूचना म्हणून बावटा लावतात, त्याला नंबर असतात, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. पण मशीन थांबेचना. सात, आठ, बारा, सोळा. शेवटी अठरावा बाहेर पडला तशी काकीने कपाळावर हात मारला. "अठरा नंबर! येवढं मोठं वादळ मी जल्मात ऐकलं नाय!"

प्रकाशदादा हसून हसून खुर्चीत बसले. मग त्यांनी ऑफिसातला स्टीलचा पेला जमिनीवर आडवा ठेवला, कुणाच्या तरी पोराची गोटी आणली, आणि पट्टीने ती ढकलत आम्हाला गोल्फ शिकवला. मैदान एवढं मोठं, की दोन वाड्या मावतील. त्यात अठरा भोकं. एकेका भोकात चेंडू घालायचा, कमीत कमी फटक्यांत.

"आणि झेंडा?" मी विचारलं.

"भोक लांबून दिसत नाही ना. म्हणून त्यात काठी उभी करायची, काठीला झेंडा."

आमच्यात सगळ्यात आधी समजलं ते काकीला. "म्हंजे जाळ्याची खूण," ती म्हणाली. "दर्यात जाळं टाकलं की वर बोया सोडतात, त्याला काठी, काठीला फडकं. लांबून होडीवाल्याला कळाया हवं, माझं जाळं हितं हाय." आणि ती पुन्हा टीप मारायला बसली. तिच्या लेखी विषय संपला होता.

माझा संपला नव्हता. ते झेंडे गेले, आणि मला चैन पडेना. आपण शिवलेली शाळेची टोपी रस्त्यात पोराच्या डोक्यावर दिसते. हे झेंडे कुठे दिसणार? एका दुपारी डबा खाताना संघमित्राने मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. तिथे आपल्यापेक्षा घड्याळ थोडंसंच मागे, त्यामुळे खेळ ऐन रंगात होता. पांढरी वाळू, तिच्या मधोमध पोपटी हिरवळ, इतकी सारखी की खोटी वाटावी. एक उंच माणूस वाकून काहीतरी न्याहाळत होता. आम्ही त्याच्याकडे पाहतच नव्हतो. त्याच्या मागे, काठीवर, पिवळं काहीतरी हललं.

"सात नंबर!" दर्शना ओरडली. तिच्या हातातला भाकरीचा तुकडा सुकटीच्या वाटीत पडला. "अगो, हाच तो! ह्याच्या सातातला धागा मी दोनदा कापला होता!"

मला नीट सांगता येत नाही तेव्हा काय वाटलं ते. छातीत काहीतरी फडफडलं एवढं खरं. माझ्या बोटांनी चाचपलेलं कापड समुद्रापलीकडच्या वाऱ्यावर हलत होतं, आणि मोठमोठे खेळाडू त्याच्याकडे बघून आपला नेम धरत होते. तेवढ्यात उंच माणसाच्या मदतनिसाने काठी उपसली आणि झेंड्यासकट गवतावर आडवी टाकली.

"आरं मेल्या!" काकी उठून उभी राहिली. "झेंडा खाली टाकतोस? हात मोडले काय?"

तो खेळाडू जिंकला की हरला, आम्हाला आजही माहीत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही आमचीच स्पर्धा भरवली. शेडच्या मागे मोठा सडा आहे, मैलभर नुसता उघडा कातळ. पावसाळ्यात त्यावर निळी-पिवळी रानफुलं येतात. माघात तो भाजलेल्या भाकरीसारखा कोरडा आणि तांबडा असतो. भोकं पाडावी लागलीच नाहीत, कातळात आपोआप पडलेले खळगे हवे तितके. त्यातल्या चार खळग्यांत आम्ही वेळूच्या काठ्या उभ्या केल्या आणि त्यांना आकडा वाकडा आल्यामुळे बाजूला ठेवलेले चार झेंडे बांधले. खेळायला पेरूच्या फांद्या आणि पोरांचा प्लास्टिकचा चेंडू. हिरवळीवर चेंडू जिथे मारावा तिथे जातो म्हणतात. कातळावर तो आपल्या मर्जीने जातो. माझा चेंडू तीनदा करवंदीच्या जाळीत गेला. दर्शनाने मुंबईला नवऱ्याला फोन लावून सगळा खेळ तोंडाने ऐकवला. तो रोज जातो त्या रस्त्याला गोल्फच्या मैदानाची लांबलचक भिंत आहे. अकरा वर्षं त्याने ती भिंतच पाहिली होती. "आत काय चालतं ते तुझ्याकडून कळलं बघ," तो म्हणाला. जिंकली काकी. नऊवारी वर खोचून तिने असा काही फटका मारला, की चेंडू कातळावर दोन टप्पे घेऊन थेट तिसऱ्या खळग्यात गेला. ती म्हणाली, "वल्हं मारलेले हात हायत."

मग कामं येतच राहिली. फाल्गुनात केनियाहून आलं, हौशी खेळाडूंच्या स्पर्धेचं, त्यावर हत्ती. सोंडेच्या वळणासाठी संघमित्रा दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसली. आंबा तयार व्हायला लागला तेव्हा अमेरिकेतल्या कुठल्याशा क्लबाची गुलाबी फुलं आली. न्यूझीलंडहून सत्तरीच्या पुढच्या म्हाताऱ्यांच्या स्पर्धेचं काम आलं. त्यांना झेंड्यावर बगळा हवा होता, आणि बगळ्याचा एक पाय वर हवा होता. पैसे घेऊन खेळणाऱ्यांच्या स्पर्धांचे झेंडे आले की सोबत सूचनांचे चार-चार कागद येत. हौशींची आपली एक साधी चिठ्ठी, त्यात आधी आभार आणि मग काम. मला हौशींची चिठ्ठी आवडायची. शिमग्यात आमच्या गावी पालखी नाचवणाऱ्यांना कोण काय देतं? खांदा सुजेपर्यंत नाचतात आणि वर आनंदाने रडतात. हे बगळेवाले म्हातारे तसेच असणार, असं मला वाटायचं.

प्रकाशदादांनी शाळेतला जुना नकाशा आणून भिंतीवर लावला. झेंडा गेला की संघमित्रा तिथे टाचणी टोचायची. दर वर्षी वैशाखात मी आणि दर्शना आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात जायचो, रस हातापायाला लागून कातडी भाजल्यासारखी व्हायची. त्या वर्षी गेलो नाही. शेडमध्ये पंखा होता, रेडिओ होता, आणि नकाशावर टाचण्या वाढत होत्या. माझी मुलगी तेव्हा पाचवीत. तिला बाईंनी वर्गात विचारलं, केनिया कुठे आहे? ती म्हणाली, आमच्या आईच्या टेबलाच्या वर, डाव्या हाताला.

आषाढात वारा आला.

स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या एका मैदानावर बायकांची मोठी हौशी स्पर्धा होती. पांढऱ्या कापडावर निळा पक्षी, खाली नंबर. तोपर्यंतचं सगळ्यात मानाचं काम. झेंडे शिवून होत आले तेव्हा काकी माझ्या टेबलाशी आली. "वैशू, ही कड टिकायची नाय. दर्याकाठचं मैदान म्हनतस, आनि एकच टीप?"

मला घाई होती. कुरिअरची गाडी यायची वेळ झाली होती. बोटांनी कड चाचपली तेव्हा मलाही ती हलकी लागली होती, खोटं का बोलू? पण मी म्हणाले, "काकी, ही काय होडी आहे? त्यांनी माप लिहून दिलंय. तेवढंच करायचं."

काकीने हातातली कड सोडून दिली. जागेवर जाऊन बसली.

आठवड्याने तिकडून फोटो आला. सरावाला आलेल्या मुलींनी दोन दिवस खेळून पाहिलं होतं, आणि त्या दोन दिवसांत सात झेंड्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. निळ्या पक्ष्याचा एक पंख लोंबत होता. खाली लिहिलं होतं, स्पर्धा पंधरा दिवसांवर आहे, नवे झेंडे वेळेत मिळाले नाहीत तर इथून पुढचं काम दुसरीकडे देऊ. प्रकाशदादांनी ते वाचून दाखवलं आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवला. बाहेर पत्र्यावर पाऊस आपटत होता.

डबा उघडवेना. मी उठून प्रकाशदादांकडे गेले. "दादा, चूक माझी. कड हलकी लागली होती मला. काकीने सांगितलंही होतं. मीच पुढे पाठवले."

ते खिडकीबाहेर पाहायला लागले. मग म्हणाले, "मी पण हातात घेऊन पाहिले होते, वैशाली. मलाही तेच वाटलं होतं. म्हटलं, जाऊ दे."

काकीकडे जायला जास्त धीर लागला. ती मशीनला तेल घालत होती. "काकी, तुला उगाच बोलले मी."

"बोललीस," काकी म्हणाली. वर पाहिलं नाही. तेलाचा थेंब पुसला. मग म्हणाली, "आता उभी काय ऱ्हातेस? तो फोटो आन हिकडं."

तिने फोटो मोठा करून घेतला, चिंध्या झालेल्या कडेवरून बोट फिरवलं. "ह्यो आमच्या दाभोळच्या तोंडावरचा वारा हाय. बापूस माझा होडीचं निशाण शिवायचा, तवा मी दोरा धरून बसायची." आणि तिने सांगायला सुरुवात केली. कडेला तीन घड्या. त्यावर टिपा चार, शेजारी शेजारी. दोन्ही कोपऱ्यांना आतून त्रिकोणी तुकडा, कारण वारा आधी कोपरा धरतो. दोरा ताणायचा नाही, सैल सोडायचा. "आनि मित्रा, तुझ्या पाखरात धागा किती भरलास गो! जड झालंय ते. उडाया मागतंय आनि उडता येत नाय, म्हनून फाटतंय."

संघमित्रा एकेका चित्रावर रात्रीपर्यंत बसणारी मुलगी, पण त्या दिवशी तासाभरात तिने पक्ष्यातला निम्मा धागा काढून टाकला. पंख विरळ झाले आणि पक्षी पहिल्यापेक्षा देखणा दिसायला लागला, हे तिनेच कबूल केलं.

पण टिकेल हे कसं ठरवायचं? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिऱ्याच्या बंधाऱ्यावर गेलो. आषाढातला समुद्र, गढूळ, उभाच्या उभा अंगावर येणारा. वारा इतका, की रेनकोटच्या टोप्या कानाशी फटफट वाजत होत्या. दगडांत वेळू रोवला. वर पहिल्या खेपेतला उरलेला जुना झेंडा बांधला, खाली नवा, आणि चौघी पाळीपाळीने पहाऱ्याला बसलो. दर तासाला मी जाऊन दोन्ही कडा पाहायची. थर्मासमधल्या चहात खारं पाणी उडायचं, तसाच प्यायचो. एक गृहस्थ स्कूटर थांबवून म्हणाले, "मोर्चा हाय काय वैनी?"

"व्हय," दर्शना ओरडली, "वाऱ्याच्या विरोधात!"

गृहस्थ स्कूटर लावून आमच्याबरोबर उभे राहिले. मग आणखी दोघे. जेवणवेळेच्या सुमाराला जुन्या झेंड्याचा कोपरा सुटला. तिन्हीसांजेला त्याच्या दशा उडत होत्या. नवा तसाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, पुन्हा तसाच. संध्याकाळी काकीने तो सोडला, पिळला, माझ्या हातात दिला. "बघ. तूच बघ."

मी कड नखाने खरवडली, कोपरा दातात धरून ओढला. एक टाका हलला नव्हता. बंधाऱ्यावर जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते बहुतेकांना ठाऊक नसावं. मी काकीला मिठी मारली. दोघी चिंब, त्यामुळे काही कळलं नाही. तीन दिवसांत अठरा आणि वरचे सहा, असे चोवीस झेंडे रवाना झाले.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी तिथे दुपार होती, इथे संध्याकाळ. शेडमध्ये दिवे गेलेले. प्रकाशदादांनी गॅसबत्ती लावली, त्यांच्या बायकोने भाजलेल्या फणसाच्या आठळ्या आणल्या. माझी मुलगी काकीच्या मांडीवर. संघमित्राने मोबाईल मशीनला टेकवून ठेवला. दोन मुली खेळत होत्या, विशी-बाविशीच्या. समुद्र दिसत होता, पिवळट गवत आडवं झोपलेलं, माणसं वाऱ्याकडे पाठ करून चालणारी. आणि हिरवळीच्या मधोमध आमचा पांढरा झेंडा, ताठ, पंख पसरलेला पक्षी. आम्ही भोकामागून भोक मोजत होतो. नववा, ठीक. दहावा, ठीक. बाराव्याला पाऊस आला आणि झेंडा काठीला गुंडाळला गेला. वाऱ्याचा झोत आला, तो सुटला आणि पुन्हा फडफडायला लागला. "जा बाय जा," काकी पुटपुटली. कोणाला उद्देशून, खेळणाऱ्या मुलीला की झेंड्याला, विचारायचं राहून गेलं.

दोघींपैकी ठेंगणी मुलगी इतकी पुढे गेली, की सामना सोळाव्यावरच संपला. तिने टोपी काढली, दुसरीला मिठी मारली. तिच्या मदतनिसाने काठीवरून झेंडा सोडवला आणि तिला दिला. जिंकणाऱ्याला आठवण म्हणून देत असावेत. ती तो घेऊन धावत सुटली, दोरीपलीकडे उभ्या असलेल्या एका बाईकडे. हिरवा रेनकोट, विस्कटलेले पांढरे केस. चेहऱ्यावरून आईच असणार. मुलीने झेंडा तिच्या हातात कोंबला. आजूबाजूचे लोक फोटो काढायला सरसावले, कुणीतरी झेंडा वर धरा म्हणून हाताने खुणावलं.

बाईने झेंडा वर धरला नाही. तिने तो उलटा केला. मागची बाजू पाहिली, पक्ष्याच्या पंखामागचे धागे. मग कडेवरून अंगठा फिरवत फिरवत कोपऱ्यापर्यंत गेली, तिथे थांबली, कोपरा चिमटीत धरून आतला त्रिकोणी तुकडा चाचपला, आणि मान हलवली. अशी, हळूच, स्वतःशीच. मग चित्र बदललं.

"परत दाव," काकी म्हणाली.

संघमित्राने मागे नेऊन परत दाखवलं. काकीने तीनदा पाहिलं. तिचे डोळे गॅसबत्तीत चमकत होते.

"शिवनारी हाय ती," काकी म्हणाली. "टाके बघतेय बग आपले."

पत्र्यावर पाऊस कोसळत होता. दर्शनाने आधी हात वर केला, मग संघमित्राने, मग मी. काकीने माझ्या मुलीचा हात धरून वर केला आणि आपलाही. त्या बाईला दिसणार नव्हतं, ऐकू जाणार नव्हतं, तरी आम्ही सगळ्या तिच्याकडे बघून हात हलवत राहिलो.